फोर्ट विल्यमचा ग्रंथसंग्रह : विखुरणे आणि वाटून ठेवणे

मराठी मुद्रित गद्याच्या आरंभाचा विचार सुरू झाला की फोर्ट विल्यम हे नाव आल्यावाचून राहत नाही. वाङ्मयेतिहासांतून ते इतक्या वेळा येते की हुगळीच्या काठच्या त्या किल्ल्यात, खंदकाच्या आत आणि तोफांच्या छायेत, कोणी पंडित मराठी शब्दांचे अर्थ सांगत बसले होते, असे चित्र वाचकाच्या मनात सहज उभे राहते. ते चित्र खरे नव्हे. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली स्थापन केलेल्या कॉलेजाला किल्ल्याचे नाव मिळाले, ते कंपनीच्या बंगाल इलाख्यालाच सरकारदरबारी फोर्ट विल्यम म्हणत असत म्हणून. कॉलेज मात्र लाल दिघीच्या काठी, रायटर्स बिल्डिंगच्या इमारतीत चालले. गार्डन रीच येथे एक भव्य वास्तू उभारावी असा वेलस्लीचा मानस होता. लंडनच्या संचालकांना तो खर्च रुचला नाही आणि ती वास्तू कागदावरच राहिली. ज्या ग्रंथसंग्रहाला किल्ल्याचे नाव लाभले त्याला स्वतःचे घरसुद्धा लाभले नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या कॉलेजात मराठीचे अध्यापन विल्यम कॅरीकडे होते. बंगाली आणि संस्कृत हे त्याचे मूळचे विषय. मराठी त्याच्याकडे मागाहून आली, आणि तीत त्याचा सारा आधार होता तो पंडित वैजनाथ शर्मा यांचा. कॅरीचे बिऱ्हाड आणि छापखाना कलकत्त्याच्या वरच्या अंगाला श्रीरामपूर येथे होता. हे श्रीरामपूर बंगालमधले, अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. १८४५ पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि कंपनीला मिशनऱ्यांची जी धास्ती वाटे तिच्यापासून तेथे आसरा मिळे. या छापखान्यातून १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण निघाले, ते देवनागरी खिळ्यांनी छापलेले. १८१० साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि त्यातील मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे वापरले गेले. पुढे १८१४ ते १८१६ या अवधीत सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र ही पुस्तके आली. यांपैकी शेवटचे रामराम बसूंच्या बंगाली पुस्तकावरून केलेले. या पुस्तकांचे वाङ्मयीन मूल्य बेताचेच, हे मान्य करावयास हवे. त्यांच्यातील वाक्यरचना मराठी कानाला ठेचकाळत चालल्यासारखी वाटते. परंतु पुढे मराठी गद्य ज्या वाटेने गेले आणि ज्या वाटेने जाऊ शकले असते, त्या दोहोंचा पुरावा म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे. तो पुरावा आज पाहावयास मिळतो तरी कसा, या प्रश्नाकडे मात्र वाङ्मयेतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. पुस्तक हाती येते. ते कोणाकोणाच्या हातांतून आले, हे विचारण्याचे त्याला कारण पडत नाही.

कॉलेजाच्या ग्रंथालयाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. स्थापनेच्या आदल्या वर्षीच श्रीरंगपट्टण पडले होते आणि टिपू सुलतानाचा ग्रंथसंग्रह इंग्रजांच्या हाती आला होता. त्या संग्रहाची वाटणी झाली: काही हस्तलिखिते लंडनला कंपनीच्या मुख्य कचेरीत गेली, काही कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे, आणि बराच भाग नव्या कॉलेजाकडे आला. कॉलेजात फारसीचे अध्यापन केलेल्या चार्ल्स स्ट्युअर्टने या संग्रहाची वर्णनात्मक सूची केली. ती १८०९ साली केंब्रिज येथे छापली गेली. संग्रह एके ठिकाणी आणि त्याची सूची हजारो मैलांवर दुसऱ्या ठिकाणी, हा प्रकार त्या काळी नवा असेल. आज तो नेहमीचा झाला आहे. या हस्तलिखितांच्या जोडीला युरोपातून आणविलेले छापील ग्रंथ, कॉलेजाच्या आश्रयाने श्रीरामपुरास आणि कलकत्त्यास निघालेली पुस्तके, पंडितांनी आणि मुनशींनी उतरून दिलेल्या पोथ्या, असा तो संग्रह वाढत गेला.

त्याच्या ऱ्हासाला फार वर्षे लागली नाहीत. इंग्लंडात १८०६ साली कंपनीने स्वतःचे कॉलेज काढले तेव्हाच कलकत्त्याच्या कॉलेजाची निम्मी गरज संपली होती. १८३० नंतर ते नावापुरते उरले, आणि १८५४ साली तेही बंद झाले. पण ग्रंथालय मोडले ते त्याच्या आधीच. १८३५-३६च्या सुमारास पौर्वात्य भाषांतील हस्तलिखिते आणि ग्रंथ एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आले. १८३६ साली कलकत्ता पब्लिक लायब्ररी स्थापन झाली, तेव्हा मेटकाफने कॉलेजाच्या संग्रहातील ४,६७५ ग्रंथ तिला देऊन टाकले. उरलेला काही भाग सरकारी दप्तरांबरोबर फिरत राहिला आणि अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विसावला. तेथे आजही फोर्ट विल्यम कॉलेजाचा संग्रह या नावाने तो ओळखला जातो, आणि कॉलेजाच्या कामकाजाची बाडेही तेथेच आहेत. पब्लिक लायब्ररी १८४४ साली मेटकाफ हॉलमध्ये गेली. कर्झनने १९०३ साली तिचा संग्रह इंपीरियल लायब्ररीत मिळविला. स्वातंत्र्यानंतर, १९४८च्या कायद्याने, इंपीरियल लायब्ररीचे राष्ट्रीय ग्रंथालय झाले आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद यांच्या हस्ते बेल्व्हेडिअरच्या प्रासादात ते वाचकांसाठी खुले झाले. लाल दिघीच्या काठावरून निघालेल्या एका पुस्तकाने शंभर-सव्वाशे वर्षांत चार घरे बदलली, आणि त्याचे सोबती तोवर तीन संस्थांत विभागले गेले होते.

या मोडतोडीबद्दल हळहळ व्यक्त करण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु तेवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. संग्रह एकसंध राहिला असता तर सुरक्षित राहिला असता, हे गृहीतच मुळी तपासून पाहावयास पाहिजे. श्रीरामपूरच्या छापखान्याचा अनुभव त्याच्या नेमका उलट आहे. ११ मार्च १८१२च्या संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. कागदाचे गठ्ठे, अनेक भाषांचे खिळे आणि पुष्कळशी हस्तलिखिते जळून गेली. ज्याच्यावर कॅरीने वर्षानुवर्षे श्रम केले होते तो अनेक भारतीय भाषांचा तौलनिक कोश हस्तलिखितातच होता. तो गेला तो गेलाच. खिळे ओतण्याचे ठसे आणि साचे मात्र ढिगाऱ्याखाली शाबूत सापडले आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. मराठी कोश वाचला, कारण तो दोन वर्षांपूर्वीच छापून बाहेर पडला होता. दोन्ही कोश एकाच माणसाचे. एकाच्या प्रती घराबाहेर गेल्या होत्या आणि दुसऱ्याची एकुलती एक प्रत घरात होती, एवढाच काय तो फरक.

अर्थात छापले म्हणजे वाचले असेही नव्हे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर हाती आलेली नाही. हे काव्य आज वाचता येते ते हस्तलिखित नकलांमुळे. किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या नकला उतरून घेतल्या आणि जपल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघाली. एक देवनागरी नक्कल तर मार्सडेन नावाच्या इंग्रज संग्राहकाच्या हस्तलिखितांबरोबर लंडनला जाऊन पोहोचली होती. छापील आवृत्त्या नाहीशा झाल्या आणि हाताने केलेल्या नकला उरल्या, हे उदाहरण मुद्रणकलेच्या भक्तांना गोंधळात टाकणारे आहे. प्रत कशावर उतरली, यापेक्षा ती किती घरांत गेली आणि त्या घरांतील माणसांना तिची गरज वाटत होती की नाही, या गोष्टी अधिक निर्णायक ठरलेल्या दिसतात. टॉमस जेफरसनने १७९१ साली एका संग्राहकाला लिहिलेल्या पत्रात जुन्या कागदपत्रांविषयी हाच विचार मांडला होता: कुलपे लावून ती राखण्यापेक्षा त्यांच्या प्रती वाढवून त्या अपघाताच्या आवाक्याबाहेर न्याव्यात.

परंतु येथे एक भेद स्पष्टपणे केला पाहिजे. विखुरणे आणि वाटून ठेवणे या दोन क्रिया दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांच्यात फार अंतर आहे. फोर्ट विल्यमचे ग्रंथ विखुरले. कोणी ते वाटून ठेवले नाहीत. एशियाटिक सोसायटीला काय मिळाले याची दाद पब्लिक लायब्ररीला नव्हती, आणि दोघींनाही दप्तरखान्यात काय पडून आहे याची नव्हती. वाटून ठेवण्यात एक करार असतो: कोणाकडे काय आहे याची सर्वांना सामाईक नोंद असते, आणि एकाकडचे नष्ट झाले तर दुसऱ्याने ते भरून द्यावयाचे, अशी बांधिलकी असते. विखुरलेली वस्तू योगायोगाने वाचते. ख्रिस्तपुराण असेच वाचले. जे योगायोगाने वाचले नाही त्याचे नावही कोणास ठाऊक नसते, म्हणून योगायोगाची कीर्ती उगाच वाढते.

आरंभीच्या मराठी मुद्रणाच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो, कारण त्या मुद्रणाचा भूगोलच महाराष्ट्राबाहेरचा आहे. श्रीरामपूर बंगालमध्ये. सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ साली बाळबोध मुक्तावली निघाली ती तंजावरास. गोव्यातील छपाई रोमन लिपीतली, आणि तिचे अवशेष लिस्बन, रोम, लंडन येथवर गेलेले. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील मराठी आणि गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली सूची १८९२ साली निघाली आणि इंडिया ऑफिसच्या संग्रहाची १९०८ साली. एकोणिसाव्या शतकातील कित्येक मराठी पुस्तकांचा माग आजही प्रथम त्या दोन सूच्यांतून काढावा लागतो. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० या सालापासून सुरू होते. ते काम प्रामुख्याने एका माणसाच्या चिकाटीतून उभे राहिले, ही महाराष्ट्राला भूषणाची गोष्ट आहे की लाजेची, हे सांगणे कठीण. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. दोन्ही लोकाश्रयावर वाढलेली. १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना मराठीत दोलामुद्रिते असे सुंदर नाव आहे. पण त्यांचा संपूर्ण संच एका छपराखाली असलेले ग्रंथालय कोठेही नाही आणि होणारही नाही. तेव्हा ग्रंथालयांचे सहकार्य ही मराठीच्या बाबतीत सौजन्याची बाब नसून निकडीची आहे.

असे सहकार्य या देशात पूर्वी झालेच नाही असे नव्हे. बी. एस. केशवन आणि व्ही. वाय. कुलकर्णी यांनी संपादिलेली भारतीय वाङ्मयाची राष्ट्रीय ग्रंथसूची साहित्य अकादमीने १९६२ ते १९७४ या काळात चार खंडांत काढली. १९०१ ते १९५३ या अवधीतील पुस्तकांची ती सूची. मराठीचा समावेश १९७० साली निघालेल्या तिसऱ्या खंडात आहे. सूची म्हणून ती उपयुक्त आहेच. पण तिचा दुसरा उपयोग तिच्या संपादकांच्याही मनात नसेल. पुढे या सूचीतील पुस्तकांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेण्याचे काम भारतातील ग्रंथालये आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिळून हाती घेतले. कोणते पुस्तक घ्यावयाचे याचा वाद घालण्याची गरज उरली नाही, कारण यादी आधीच तयार होती. तमिळनाडूतील कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्या यांच्या तमिळ संग्रहाचेही असेच झाले. १९९४ साली शिकागो विद्यापीठाने तो विकत घेतला, पण ग्रंथ तमिळनाडूतच राहिले, आणि छायाप्रती दोन्हीकडे गेल्या. मूळ आपल्या घरी आणि प्रत परक्या घरी, ही व्यवस्था टिपूच्या ग्रंथांच्या वाटणीहून कितीतरी शहाणपणाची म्हटली पाहिजे.

संगणकाचे युग आले तेव्हा या अनुभवाचा उपयोग व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. या शतकाच्या आरंभी बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या पुढाकाराने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा प्रकल्प सुरू झाला. देशातील ठिकठिकाणच्या केंद्रांवर लाखो पुस्तकांच्या पानांची चित्रे घेण्यात आली. त्यांत मराठी पुस्तके हजारोंनी होती. वेग मोठा, पण नोंदींकडे लक्ष थोडे. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचतील तशी टंकलिखित झालेली. एकाच ग्रंथकाराचे आडनाव चार रीतींनी लिहिलेले. कोठे पाने गहाळ, कोठे सालच चुकलेले. ज्यांनी त्या ढिगात नेट लावून शोध घेतला त्यांना घबाड सापडले आणि बाकीचे हात हलवीत परतले. पुढे स्वामित्वहक्काच्या तक्रारी उद्भवल्या आणि २०१७च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झाले. त्यातील चार लाखांच्या वर पुस्तके आज पाहावयास मिळतात ती अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हवर, कारण कार्ल मालामुड यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने त्यांच्या प्रती करून तेथे ठेवल्या होत्या. २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेले खरगपूरच्या आय. आय. टी.चे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे मुख्यतः इतरांच्या संग्रहांकडे वाट दाखविणारे सूचीगृह आहे. म्हणजे सरकारी खर्चाने झालेल्या एवढ्या मोठ्या कामाची राखण शेवटी एका बाहेरच्या संस्थेच्या उत्साहावर अवलंबून राहिली. मेटकाफने पुस्तके दिली त्यात आणि यात तत्त्वतः फारसा फरक नाही. पुन्हा एकदा संग्रह विखुरला, आणि पुन्हा एकदा दैवयोगाने वाचला.

तो दैवयोगही अभेद्य नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. तिची सूची कित्येक आठवडे बंद राहिली आणि डिजिटल हस्तलिखिते त्याहून पुष्कळ अधिक काळ वाचकांना दुरावली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, इंटरनेट आर्काइव्हवर तशीच आपत्ती आली आणि तेही काही दिवस बंद पडले. पुण्याच्या भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला, तेव्हा ग्रंथांचे शत्रू कोण असतात हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले. लंडनचे शत्रू दिसलेही नाहीत. ब्रिटिश लायब्ररीच्या ज्या योजनेतून २००४ पासून जगभरच्या धोक्यातील कागदपत्रांच्या प्रती घेण्यात येतात, तिचा नियम असा की मूळ वस्तू आपला देश सोडत नाही आणि प्रत स्थानिक संस्थेकडेही राहते; कलकत्त्याच्या सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेसने या योजनेखाली पुष्कळ काम केले आहे. या नियमाचे मर्म २०२३ साली कळून आले.

डिजिटल प्रत कागदापेक्षा चिरस्थायी असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती उलटी करून घ्यावयास हवी. कागदाचे पुस्तक दुर्लक्षित राहिले तरी पन्नास वर्षे कपाटात टिकते. कसर लागली तर दहा पाने जातात, बाकीची वाचता येतात. डिजिटल प्रतीला दुर्लक्ष सोसत नाही. ती ज्या तबकडीवर असते ती काही वर्षांत निकामी होते, ज्या रूपात असते ते रूप वाचणारी यंत्रणा मागे पडते, आणि एखादाच आकडा बदलला तरी कधीकधी सारी फाइल उघडत नाही. महाराष्ट्राला याचा अनुभव अगदी घरचा आहे. १९९०च्या सुमारापासून मराठी मजकूर संगणकावर जुळू लागला तो निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फॉन्टांत. एका फॉन्टातील ‘क’ दुसऱ्यात भलतेच चिन्ह होई. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी एक प्रमाण संकेत ठरला होता, पण छापखान्यांनी तो फारसा जुमानला नाही. पुढे युनिकोड रूढ झाले आणि त्यापूर्वीच्या दीड-दोन दशकांचा मजकूर, त्यात कित्येक नियतकालिकांचे अंक आणि ग्रंथांच्या मुद्रणप्रती आल्या, वाचता न येणाऱ्या चिन्हांचा ढीग होऊन बसला. मोडी वाचणारी माणसे कमी होण्यास शंभर वर्षे लागली. या फॉन्टांचे तेच भवितव्य वीस वर्षांत ओढवले. खुद्द मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. कॅरीच्या कोशाच्या पानांचे चित्र त्याआधीही घेता येत होते. परंतु त्यातील मोडी शब्द अक्षररूपाने साठविण्याची प्रमाण सोय तो छापल्यानंतर २०४ वर्षांनी झाली.

अशा नाजूक वस्तूची राखण एकट्या संस्थेने करणे शक्य नाही, हे परदेशांतील ग्रंथालयांनी लवकर ओळखले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९च्या सुमारास आकारास आलेल्या ‘लॉक्स’ या योजनेचे नावच मुळी ‘प्रती पुष्कळ तर वस्तू सुरक्षित’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून घेतले आहे. तिची रीत साधी आहे. दूरदूरच्या ग्रंथालयांतील संगणक आपापल्याकडे एकाच ग्रंथाची प्रत ठेवतात. प्रत्येक प्रतीतील सर्व आकड्यांवरून गणिताने एक छोटी खूण काढता येते. मजकूर एका अक्षराने बदलला तरी ती खूण बदलते. हे संगणक ठराविक काळाने आपापल्या खुणा एकमेकांशी ताडून पाहतात, आणि एखाद्याची खूण इतरांशी जुळली नाही तर तो बाकीच्यांकडून निर्दोष प्रत मागून घेतो. २००८ साली अमेरिकेतील विद्यापीठांनी उभारलेल्या हाथीट्रस्टमध्येही सभासद ग्रंथालयांचा संग्रह दोन वेगवेगळ्या शहरांत, एकमेकांची छायाप्रत म्हणून, सांभाळला जातो.

पाठचिकित्सेचा ज्यांना परिचय आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ साली पुरे केले. त्यात काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलयाळमपर्यंतच्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. विखुरलेल्या पोथ्यांना काही काळ एका टेबलावर आणणे हेच त्या कार्याचे स्वरूप होते. मात्र साम्य येथेच संपते. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी पोथ्यांची डोकी मोजली नाहीत. कोणती पोथी कोणत्या कुळातली, याचा विचार केला, आणि पाठभेद हा त्यांच्या दृष्टीने दोष नसून पुरावा होता. संगणक बहुमत मोजतो आणि वेगळा दिसेल तो पाठ पुसून टाकतो. तेव्हा बहुमताच्या हाती देण्यापूर्वी काय दिले जात आहे याची पारख माणसानेच करावयाची आहे. पाने गळालेली एक छायाप्रत दहा ठिकाणी एकनिष्ठपणे राखली गेली, तर दहाही ठिकाणी ती पाने नसणार. इंटरनेट आर्काइव्हवर आज जी मराठी पुस्तके आहेत त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नाही.

कायद्याने या बाबतीत पूर्वी बरीच दूरदृष्टी दाखविली होती. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. चार दिशांना चार प्रती, हे वाटून ठेवण्याचे तत्त्व नव्हे तर काय? फोर्ट विल्यमचा मराठीशी जडलेला संबंध यामुळे आजतागायत टिकला आहे, असेही म्हणता येईल. पुण्यात निघणारे पुस्तक बेल्व्हेडिअरला गेले पाहिजे, अशी कायद्याची आज्ञा आहे. ती मोडणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत एवढी शिक्षा सांगितली आहे, आणि प्रकाशकांनी तिचा अर्थ आपापल्या परीने लावला आहे. शिवाय या कायद्यातील पुस्तक हे छापील पुस्तक होय. केवळ संगणकावर प्रसिद्ध होणारे लेखन त्याच्या कक्षेत येत नाही. १८६७च्या ज्या कायद्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांच्या तिमाही याद्या तयार झाल्या, तो रद्द होऊन त्याच्या जागी आलेला २०२३चा कायदा मार्च २०२४ पासून अमलात आहे. तो नियतकालिकांपुरता असून पुस्तकांच्या नोंदणीची तरतूद त्यात नाही. स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली, हे चांगले झाले. ती प्रत सांभाळण्यासाठी दुसऱ्या ग्रंथालयाच्या हवाली करण्याविषयी मात्र त्या कलमात शब्द नाही, आणि सहकार्याचे घोडे नेमके तेथेच अडते.

जुन्या ग्रंथांना ही अडचण नाही. दोलामुद्रितांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपल्या दुर्मीळ ग्रंथांच्या डिजिटल प्रती खुल्या केल्या आहेत, राज्य मराठी विकास संस्थेने तसेच काम केले आहे, पुण्याच्या सी-डॅकमध्ये डिजिटल जतनाची मानके आणि साधने तयार झाली आहेत, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थपासून दाते-कर्व्यांपर्यंतचे मराठी कोश शोधावयास मिळतात. साधने आहेत, संस्था आहेत, हौसही आहे. प्रत्येकजण स्वतंत्रपणे त्याच त्या प्रसिद्ध पुस्तकांच्या प्रती घेतो आणि उपेक्षित पुस्तके तशीच राहतात, कारण कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने काय केले हे मुंबईस ठाऊक नसते आणि श्रीरामपूर कॉलेजच्या कॅरी ग्रंथालयात काय आहे याची दखल दोघांपैकी कोणीच घेतलेली नसते. दाते यांची सूची आणि ब्लुमहार्टच्या दोन सूच्या समोर ठेवून, प्रत्येक दोलामुद्रितापुढे मूळ प्रत कोठे, छायाप्रत कोणाकडे आणि ती पाने मोजून तपासली कोणी, एवढे तीन रकाने भरले तरी करारास आरंभ होईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो पत्रव्यवहार, आणि आपल्याकडची प्रत दुसऱ्याकडेही असल्याने आपले महत्त्व कमी होत नाही असे मानण्याइतका मनाचा मोठेपणा.

नोंदींच्या संदर्भात एक अलीकडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोलकात्याचा किल्ला आज सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्य ठाणे आहे. २०२५च्या आरंभी त्याचे नाव बदलून विजयदुर्ग झाल्याचे जाहीर झाले. हे नाव सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील मराठ्यांच्या जलदुर्गावरून घेतलेले आहे. दोनशे वर्षांपूर्वी ज्या नावाच्या आश्रयाने मराठीचा कोश निघाला, त्या जागी आता मराठी नाव आले. ग्रंथालयांच्या सूच्यांत मात्र फोर्ट विल्यम हे शीर्षक जुन्या पुस्तकांपुढे तसेच राहणार, आणि ते तसेच राहावयासही हवे. यापुढे कोणी विजयदुर्ग हा शब्द घेऊन शोधू लागेल तेव्हा त्याच्यासमोर कोकणातला किल्ला येईल, हुगळीकाठचा येईल, की दोन्ही येतील, हे त्या दोन नावांमध्ये परस्परनिर्देशाची एक ओळ कोणी घालते की नाही यावर ठरेल. ती ओळ एका ग्रंथालयाने घातली आणि बाकीच्यांनी घातली नाही, तर कॅरीचा कोश एका सूचीत सापडेल आणि दुसरीत सापडणार नाही.